कॅपरनॉम बघितलेल्यांनी या, झैनच्या आईबद्दल बोलायचंय (स्पॉयलरसकट)

केतकीचं_बन

पिक्चर २०१८ चा आहे, बऱ्याच जणांनी बघितला असेल. नसेल तर आधी बघा आणि मग इथे या, कारण खाली शेवटासकट सगळं सांगितलंय. नादिन लाबाकी ही लेबनॉनची दिग्दर्शिका, कान फिल्म फेस्टिव्हलला ज्युरी प्राइज मिळालं, ऑस्करला परभाषी विभागात नॉमिनेशन होतं. पण कौतुक करायला धागा काढलेला नाही. या पिक्चरचा विषय निघाला की दोनतीन वाक्यांत आटोपतो, "खूप रडवलं", "पोरगं काय काम करतं", आणि हमखास कुणीतरी म्हणतंच, "असल्या आईबापांना जन्माची अद्दल घडवायला पाहिजे". हे शेवटचं मला अजिबात पटत नाही, आणि का पटत नाही ते नीट लिहायचंय.

गोष्ट थोडक्यात. बैरूतमधल्या एका गरीब वस्तीत राहणारा झैन. वय साधारण बारा, साधारण म्हणतेय कारण त्याच्या जन्माची कुठेच नोंद नाही, सुरुवातीलाच एक डॉक्टर त्याचे दात बघून अंदाजाने वय सांगतो. एका माणसाला भोसकलं म्हणून तो तुरुंगात आहे आणि तिथूनच त्याने स्वतःच्या आईवडलांवर केस केलीये, मला जन्माला का घातलं म्हणून. मग मागे काय काय झालं ते आपल्याला कळत जातं. घरात पोरंच पोरं, सगळी एका खोलीत दाटीवाटीने झोपणारी, खोली असादच्या मेहरबानीवर, त्याचंच खाली किराणा दुकान आणि झैन तिथे गॅसच्या टाक्या आणि पाण्याचे कॅन वाहतो. शाळेची गाडी समोरून जाते आणि तो नुसता बघतो. आई खोट्या प्रिस्क्रिप्शनवर त्याला वेगवेगळ्या मेडिकलमध्ये पाठवते, ट्रामाडॉलच्या, म्हणजे नशा येणाऱ्या वेदनाशामक गोळ्या गोळा करायच्या, त्या कुटून पाण्यात घालायच्या, त्या पाण्यात कपडे भिजवायचे आणि ते कपडे तुरुंगात पोचवायचे. तिथे ते पिळून विकलं जातं. हा घरचा धंदा.

त्याची पाठची बहीण साहर, अकरा वर्षांची. एका सकाळी झैनला अंथरुणावर रक्त दिसतं आणि त्याच्या लगेच लक्षात येतं की हे आईला कळलं तर हिचं लग्न लावून असादच्या घरी पाठवणार. तो तिला घेऊन संडासात जातो, तिची चड्डी स्वतः नळाखाली धुतो, अंगातला टीशर्ट काढून तिला घडी करून देतो, मग दुकानातनं पॅडचं पाकीट उचलून आणतो आणि दटावून सांगतो की आईला कळू द्यायचं नाही. बारा वर्षांचा मुलगा, आणि त्याच्या हालचालीत कुठे लाज नाही की किळस नाही, नुसती घाई. ही घाई त्याला कुणी शिकवली असेल याचा विचार करून मला त्या रात्री झोप लागली नाही. अर्थात काही उपयोग होत नाही. कोंबड्या घेऊन असादकडची माणसं येतात, साहरला लिपस्टिक लावून बसवलेलं असतं, जिन्यात झैन अक्षरशः आईबापांच्या अंगावर धावून जातो आणि बाप तिला स्कूटरवर घालून नेतोच. झैन घर सोडतो.

दुसरा अर्धा भाग राहिलचा. ही इथिओपियाहून आलेली, साफसफाईची कामं करते, दुसऱ्याच बाईच्या नावाचा खोटा परवाना आहे तिच्याकडे आणि त्या फोटोतल्या बाईच्या चेहऱ्यावर तीळ आहे म्हणून रोज पेन्सिलने तीळ काढून कामाला जाते. तिचं एक वर्षाच्या आसपासचं बाळ योनास, त्याला ती कामाच्या जागी संडासात लपवून ठेवते. झैनला ती आसरा देते, त्याने बाळ सांभाळायचं, तिने कामावर जायचं. आणि एक दिवस ती परतच येत नाही, पोलिसांनी पकडलेलं असतं, पण झैनला हे माहीतच नाही.

आता माझा मुद्दा. यापुढे झैन योनासबरोबर जे जे करतो ते आठवा. घरात काही उरलं नाही तर बर्फाला साखर लावून त्याला चोखायला देतो. आपण काय म्हणतो, किती गुणी पोर. तेच कोर्टात आई वकिलाला सुनावते, की तुम्ही कधी पोरांना साखरपाणी पाजून झोपवलंय का, घरात दुसरं काही नाही म्हणून, तेव्हा थिएटरात बसलेल्या आपल्याला तिचा राग आलेला असतो. सुरुवातीला झैनच्या घरात रांगतं पोर पायात साखळी घालून बांधलेलं आहे, ते बघून अंगावर काटा येतो. पुढे झैन योनासच्या पायाला दोरी बांधून रस्त्यात सोडून निघतो, बाळ त्याच्या मागे मागे यायला बघतं, आणि त्याला जाववत नाही म्हणून परत फिरतो. ट्रामाडॉलचं पाणी आईने विकलं तर ती गुन्हेगार, झैन रस्त्यावर तेच पाणी विकतो तेव्हा आपण मनात म्हणतो काय करणार बिचारा. आणि शेवटी तर तो योनासला आस्प्रोच्या हवाली करतो, खोटे कागद करून देणारा तो माणूस, पैसे घेतो, स्वतःला समजावतो की बाळाला चांगलं घर मिळेल. बापाने साहरच्या बाबतीत नेमकं हेच म्हटलेलं असतं, की निदान तिला झोपायला गादी मिळेल.

म्हणजे आईबापांनी केलेली एकेक गोष्ट दिग्दर्शिकेने झैनच्या हातून करवून घेतलीये आणि प्रत्येक वेळी आपण त्याला माफ केलंय. मला वाटतं पिक्चरचा खरा जीव इथे आहे. तुरुंग, कोर्ट, केस हे सगळं आपल्याला खुर्चीत बसवून ठेवायला आहे. खरा प्रश्न असा की बारा वर्षांच्या पोराला जी सूट दिली ती त्याच्या आईला द्यायला आपण का तयार नाही? तीही कधीतरी बारा वर्षांचीच होती आणि तिच्या जन्माचाही कागद असेल असं मला वाटत नाही.

तुमची मतं लिहा. विरोधी असतील तर जास्तच लिहा.

माळरान

जबरदस्त लिहिलंय. साखरेचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आज परत लावतो.

चंदेरी_पडदा

विरोधी मत हवंय तर घ्या. तुमचं निरीक्षण बरोबर आहे पण त्यातून तुम्ही काढलेला निष्कर्ष मला मान्य नाही. झैनने योनासला जन्म दिलेला नाही. त्याच्या गळ्यात ते बाळ पडलंय आणि तो बारा वर्षांचा आहे. आईबाप मोठी माणसं आहेत, एक पोर झालं, दुसरं झालं, सातवं झालं. साहर वारल्यावर आई तुरुंगात झैनला भेटायला येते तो सीन आठवा, गोड खाऊ आणलाय आणि सांगते काय तर मला दिवस गेलेत, देव एक नेतो तर दुसरं देतो, मुलगी झाली तर नाव साहरच ठेवणार. झैन खाऊ फेकून देतो. मला तर त्या क्षणी त्या बाईला धरून हलवावंसं वाटलं. पिक्चरने तिला माफ केलंय असं मला कुठेच दिसत नाही, उलट शेवटी कोर्टात झैन मागणी काय करतो, तर यांना अजून मुलं होऊ देऊ नका. हे वाक्य दिग्दर्शिकेने मुद्दाम त्याच्या तोंडी घातलंय.

आणि दुसरं, पिक्चर म्हणूनही मला तक्रार आहे. संगीत फार अंगावर येतं. वरून उडत्या कॅमेऱ्याने झोपडपट्टीचे पत्रे दाखवायचे आणि व्हायोलिन लावायचं, याची काही गरज नव्हती. ते पोर आणि ते बाळ नुसतं दाखवलं असतं तरी पुरलं असतं.

केतकीचं_बन

संगीताबद्दल पूर्ण सहमत, संगीतकार खालेद मुझन्नार दिग्दर्शिकेचा नवरा आहे, निर्माताही तोच, घर गहाण टाकून पैसे उभे केले होते म्हणतात. मन लावून केलंय पण दोन ठिकाणी तरी ते बंद असायला हवं होतं.

आईच्या त्या भेटीबद्दल मात्र माझं म्हणणं वेगळं आहे. साहर कशी गेली? अकराव्या वर्षी दिवस राहिले, रक्तस्राव झाला आणि हॉस्पिटलच्या दारातून आत घेतलं नाही कारण तिच्याकडे कागद नव्हते. म्हणजे या बाईची मुलगी हॉस्पिटलच्या दारात मेलीये. ती काय बोलणार? "देव एक नेतो दुसरं देतो" हे आपल्याकडेही किती बायकांच्या तोंडून ऐकलंय आठवा जरा. ते ऐकायला भयानक वाटतं हे खरं, पण तिच्याकडे दुःख मांडायला दुसरे शब्दच नाहीयेत, हेच शब्द तिला कुणीतरी दिलेत आणि तेवढ्यावरच ती तगून आहे. झैनने खाऊ फेकला ते त्याचं बरोबरच आहे. तो फेकू शकतो. आपण बाहेरचे आहोत, आपण एवढ्या पटकन फेकू नये असं मला वाटतं.

शेवटच्या मागणीवर नंतर लिहिते, तो मुद्दा मोठा आहे आणि तिथे मी तुमच्या बऱ्यापैकी जवळ आहे.

रिकामी_ओंजळ

मला अभिनयाबद्दल लिहायचंय कारण तो अभिनय म्हणावा का हाच प्रश्न आहे. झैनचं काम करणारा झैन अल रफिया हा सीरियातल्या दारा शहरातला, युद्धामुळे घरचे २०१२ साली लेबनॉनला आले, बैरूतच्या रस्त्यावर खेळताना तो कास्टिंग करणाऱ्या बाईला सापडला. लिहायला वाचायला जवळजवळ येत नव्हतं त्याला. म्हणजे संवाद पाठ करणं वगैरे भानगडच नाही, प्रसंग समजावून सांगायचे आणि कॅमेरा चालू ठेवायचा. सहा महिने शूटिंग चाललं आणि पाचशे तासांहून जास्त फुटेज जमलं, एडिटिंगलाच दोन वर्षं गेली. योनासचं काम केलेलं बाळ खरं तर मुलगी आहे. बाळाकडून अभिनय करवून घेता येत नाही, बाळ जे करेल ते धरत बसावं लागतं, म्हणून ते दोघं एकत्र असतात ते सीन इतके खरे वाटतात, तो स्केटबोर्डवर पातेलं बांधून त्यात बाळाला बसवून ओढत नेतो तेव्हा बाळ खरंच इकडेतिकडे बघत मजेत चाललेलं असतं आणि झैनच्या चेहऱ्यावर मात्र घामाघूम वैताग.

राहिलचं काम करणारी योर्दानोस शिफेराव, तिच्याकडेही खरोखरच कागद नव्हते. पिक्चरमध्ये अटकेचा सीन झाल्यावर काही दिवसांतच तिला खरोखर अटक झाली, आणि दिग्दर्शिका हमी राहिली तेव्हा ती सुटली. बाळाच्या खऱ्या आईवडलांनाही पकडलं होतं. राहिल तुरुंगात संडासात जाऊन दूध पिळून टाकते तो सीन बघताना हे माहीत असलं की फार वेगळं वाटतं. तिच्या अंगावरचं दूध वाया चाललंय आणि तिकडे योनास बर्फ चोखतोय.

जाईजुई_२२

बाई गं. हे माहीत नव्हतं.

दिग्दर्शिका स्वतः वकिलाच्या भूमिकेत आहे ना? मला ती थोडी उपरी वाटली, पण आई जेव्हा तिच्यावर ओरडते तेव्हा बरं वाटलं. जणू आई थेट दिग्दर्शिकेलाच विचारतेय, की तू कोण आमची परीक्षा घेणारी.

केतकीचं_बन

जाईजुई, हो, तीच. आणि तुमचं हे वाक्य मी मूळ धाग्यातच लिहायला हवं होतं इतकं नेमकं आहे. कोर्टात आईसमोर उभी आहे ती पिक्चर काढणारी बाईच. आणि तिने स्वतःला उत्तर दिलेलं नाही, गप्प उभी राहिलीये. मी म्हणते तो पुरावा हाच आहे, आईला बोलायला पूर्ण जागा दिलीये आणि तिला खोडून काढलेलं नाही.

दोहावासी

वाचनमात्र असतो पण इथे लिहावंसं वाटलं. मी आखातात पंधराएक वर्षं आहे, राहिलच्या गोष्टीमागे जी पद्धत आहे ती रोज बघतो. कफाला म्हणतात. तुमचा व्हिसा, तुमचं राहणं सगळं कफीलच्या म्हणजे तुम्हाला बोलावणाऱ्या मालकाच्या नावाशी बांधलेलं. त्याचं काम सोडलं की तुम्ही त्या क्षणापासून बेकायदा. लेबनॉनमध्ये तर घरकाम करणाऱ्यांना कामगार कायद्यातूनच वगळलेलं आहे, तो कायदा १९४६ चा आहे. म्हणजे कामाचे तास, सुट्टी, किमान पगार, कशाचंच संरक्षण नाही. राहिल पहिल्या मालकाकडून निघाली आणि तिला बाळ झालं, एवढ्याने ती संपली. बाळाची नोंद करायला गेली तर स्वतःच सापडणार, म्हणून बाळ संडासात.

आमच्याकडे कतारमध्ये २०२० ला नियम बदलले, नोकरी बदलायला आता मालकाची एनओसी लागत नाही, कागदावर तरी. आपली माणसं, कोकणातली, आंध्रची, केरळची, याच पद्धतीत पिढ्यान्पिढ्या राबलीत. पासपोर्ट मालकाच्या कपाटात आणि घरी आई आजारी, असे लोक मी स्वतः पाहिलेत. त्यामुळे मला हा पिक्चर दुसऱ्या संस्कृतीतला वगैरे वाटलाच नाही.

२०२० च्या जूनमध्ये लेबनॉनची आर्थिक घडी पार विस्कटली तेव्हा कित्येक मालकांनी घरातल्या इथिओपियन बायकांना गाडीत घालून बैरूतच्या इथिओपियन कॉन्सुलेटबाहेर फुटपाथवर आणून सोडलं होतं, बॅगांसकट. पगार नाही, तिकीट नाही. पिक्चर त्याच्या दोन वर्षं आधीचा. तेव्हा ज्यांना वाटलं की दिग्दर्शिकेने अतिरंजित केलंय त्यांनी ते फोटो बघावेत.

माळरान

दोहावासी, लिहीत जा राव. एक शंका, झैनचं कुटुंब सीरियन निर्वासित आहे का? मग त्याला कागद का नाही?

दोहावासी

नाही, कलाकार सीरियन आहे, पिक्चरमधलं कुटुंब लेबनीजच आहे. मदत मिळावी म्हणून झैन एका ठिकाणी सीरियन असल्याची बतावणी करतो, त्यामुळे गोंधळ होतो. त्यांची नोंद नाही कारण कुणी केलीच नाही. तिथे वर्षाच्या आत नोंद केली तर सोपं असतं, वर्ष उलटलं की कोर्टात जावं लागतं, वकील, तपासण्या, खर्च. घरभाडं द्यायला नाही तो माणूस कोर्टात जाणार कुठून. पोराची नोंद राहिली की पुढे त्याच्या पोरांचीही राहते, कारण तिथे नागरिकत्व बापाकडूनच जातं, आईकडून जात नाही.

झेडपीची_बाई

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, ऊसतोडीला जाणाऱ्या घरांची मुलं आमच्याकडे असतात. चंदेरी पडदा यांना एक सांगायचंय. साहरचं लग्न बघून तुम्हाला धक्का बसला असेल, मला बसला नाही, मला ओळखीचं वाटलं. इथे दिवाळीच्या आसपास टोळी निघायची असते, मुकादमाची उचल जोडीमागे मिळते, नवराबायको मिळून एक कोयता. मुलीला मागे एकटं ठेवायचं तर कोणाच्या भरवशावर? आणि लग्न लावून दिलं तर एक खाणारं तोंड कमी, तिकडे एक कोयता वाढतो. हिशोब झाला. सातवी आठवीतली मुलगी दिवाळीनंतर शाळेत येत नाही तेव्हा आम्हाला विचारावं लागत नाही. घरी गेलं की आई सांगते, बाई, तुम्ही ठेवता का तिला तुमच्या घरी? याला माझ्याकडे उत्तर नसतं. कायदा सांगून येतो, कधी कधी लग्न थांबतंही. पण त्या आईला मी वाईट बाई म्हणू शकत नाही, मी तिला मुलीची वेणी घालताना बघितलेलं असतं.

फरक एकच, आणि तो मोठा आहे. आमच्याकडे मूल दारात आलं तर जन्मदाखला नाही म्हणून परत पाठवता येत नाही, २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यातच तसं आहे. झैनला तेवढी एक वाट असती तर गोष्ट वेगळी झाली असती. पिक्चरमध्ये आई म्हणतेच ना एकदा की याला शाळेत घालू, खायला तरी मिळेल, आणि बाप नको म्हणतो कारण असाद रागावेल.

चंदेरी_पडदा

झेडपीची बाई, तुमच्या प्रतिसादाला उत्तर द्यायची माझी पात्रता नाही, तुम्ही रोज ते बघता. फक्त एवढंच म्हणतो की समजून घेणं आणि दोष न देणं या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. आई मुलीची वेणी घालते हे खरं आणि मुलगी मेली हेही खरं. झैन ज्या कोर्टात उभा आहे तिथे त्याला कुणाकडे तरी बोट दाखवायचंय. सरकारकडे कसं दाखवणार, सरकार त्याला दिसलेलंच नाही कधी. त्याला दिसले ते आईबाप.

केतकीचं_बन

अगदी, आणि म्हणूनच मला शेवटच्या मागणीचा राग येतो, झैनचा नाही, पटकथेचा. पोरगं आईबापांकडेच बोट दाखवणार हे कबूल. पण पिक्चर त्या बोटाबरोबर शेवटपर्यंत गेला आणि तिथेच थांबला. "यांना मुलं होऊ देऊ नका" हे वाक्य बारा वर्षांच्या मुलाचं वाटतच नाही, ते एसीत बसलेल्या माणसाचं वाक्य आहे. आपल्याकडे आणीबाणीत १९७५ ते ७७ हेच वाक्य सरकारने गरिबांना सुनावलं होतं आणि नसबंदीच्या गाड्या कुठल्या वस्त्यांत गेल्या ते सगळ्यांना माहितीये. दोन तास ज्या आईला इतक्या खोलवर दाखवलं तिच्यावरच शेवटी सगळा बोजा टाकायचा, हॉस्पिटलने साहरला दारातून परत पाठवलं त्याचं काय? तिथे कुणावर केस झाली? अकरा वर्षांच्या मुलीशी लग्न करणारा असाद, झैनने भोसकलं तो हाच, कोर्टात व्हीलचेअरवर बसून सांगतो की सगळेच करतात, मला काय माहीत, आणि त्याचं खोटंही नाही, कारण लेबनॉनमध्ये लग्नाचा एक नागरी कायदाच नाही, प्रत्येक पंथाचे आपापले नियम, वयही त्यांनीच ठरवायचं. हे पिक्चरमध्ये एका वाक्यातही येत नाही. माझी तक्रार ही आहे, की दिग्दर्शिकेच्या कॅमेऱ्याला जे कळलंय ते तिच्या कोर्टाला कळलेलं नाही.

रिकामी_ओंजळ

"कॅमेऱ्याला कळलंय ते कोर्टाला नाही", हे पटलं. त्याच वर्षी कानला पाम दोर, म्हणजे तिथलं सर्वोच्च बक्षीस, मिळाला तो कोरेएदाच्या शॉपलिफ्टर्सला, जपानचा. तोही गरिबीतल्या मुलांचाच, त्यातही एक पोर चोरी करतं, एका मुलीला उचलून आणतात, आणि शेवटी पोलीस चौकशी करतात. पण तिथे चौकशी करणारेच उघडे पडतात, त्यांच्या प्रश्नांतून कळतं की यांना काहीच समजलेलं नाही. त्या मुलीला आईसारखं सांभाळणारी बाई नुसती रडते, हाताने डोळे पुसत राहते, आणि आपण ठार. दोन्ही लागोपाठ बघा ज्यांना जमेल त्यांनी. मला कॅपरनॉम जास्त जवळचा वाटतो तरी, कारण त्यात चिडचिड आहे. झैन शिव्या घालतो, थुंकतो, खोटं बोलतो. शहाणं, सोशिक, डोळे भरून बघणारं गरीब पोर दाखवायची जी सवय आहे सगळ्या देशांतल्या पिक्चरवाल्यांना, ती इथे नाही.

जाईजुई_२२

+१. आमच्या घरी मुलाने (नववीत आहे) विचारलं, पुढे त्या झैनचं काय झालं? खऱ्या मुलाचं.

रिकामी_ओंजळ

त्याच्या कुटुंबाला २०१८ मध्येच नॉर्वेत आसरा मिळाला, अगदी उत्तरेला हामरफेस्ट म्हणून गाव आहे तिथे. समुद्राकाठी घर मिळालं आणि तो शाळेत जायला लागला. नंतर २०२१ च्या इटर्नल्स या मार्व्हलच्या पिक्चरमध्ये छोटं काम आहे त्याचं. नववीतल्या मुलाने तो बघितला असेलच, त्याला सांगा.

हे नेहमी होत नाही म्हणून मुद्दाम सांगतेय. आपल्याकडे सलाम बॉम्बे आला १९८८ ला, मीरा नायरचा, मुंबईतल्या रस्त्यावरच्या मुलांनाच घेऊन केलेला. त्यातल्या मुख्य मुलाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि पुढे कामं मिळेनात म्हणून तो बंगळुरूला जाऊन रिक्षा चालवायला लागला. त्या पिक्चरमधून सलाम बालक ट्रस्ट उभा राहिला, तो आजही रस्त्यावरच्या मुलांसाठी काम करतो, हे फार मोठं. पण ज्या मुलाचा चेहरा जगाने बघितला त्याचं काय करायचं हे कुणाला नीट सुचलेलं नसतं. लाबाकीने तिथे लक्ष घातलं याचं मला तिच्या सगळ्या बक्षिसांपेक्षा जास्त कौतुक आहे.

चंदेरी_पडदा

हे चांगलं सांगितलंत. आणि चीनमध्ये हा पिक्चर किती चालला माहितीये का? २०१९ ला लागला तिथे आणि पाच कोटी डॉलरच्या वर कमाई झाली. अरबी भाषेतला, कुणी स्टार नाही, नाचगाणं नाही. लोक बघतात, दाखवणारे हवेत.

केतकी, आईबद्दल तुमचं म्हणणं अजून शंभर टक्के गळी उतरत नाहीये, पण काल परत कोर्टाचा सीन लावला. ती ओरडते तेव्हा झैनकडे बघा. इतका वेळ ताठ बसलेलं पोर आईकडे न बघता खाली बघायला लागतं. पहिल्यांदा बघताना माझं लक्ष आईच्या तोंडाकडे होतं.

केतकीचं_बन

हे मी बघितलं नव्हतं, आता बघते.

झेडपीची बाई, तुम्हाला एक विचारायचं राहिलं. शाळेत मोठ्या मुलांना हा पिक्चर दाखवता येईल का, निदान आठवीच्या पुढच्यांना? साहरचा भाग आणि शिव्या सोडल्या तर. की पालकांना दाखवावा? मला पालकांना दाखवायचा मोह होतो पण ती शेवटची मागणी ऐकून समोरच्या आईला काय वाटेल याची भीती वाटते.

झेडपीची_बाई

साहरचा भाग सोडायचा असेल तर दाखवूच नका, मुलींना तोच भाग बघायला हवा. भाऊ चड्डी धुतो तो सीन मी मुलांना दाखवेन आधी, वर्गातल्या मुलांना. पाळी आली की आमच्याकडच्या भावांना घरात काही माहीतच नाही असं वागायला शिकवतात.

पालकांचं म्हणाल तर सबटायटल कोण वाचणार. शेजारी बसून कुणीतरी सांगत जावं लागेल. कोर्टात आई बोलते तिथपर्यंत मी सांगेन, आणि मग थांबवून बायकांना विचारेन की तुम्ही असता तर काय म्हणाला असता. त्या बोलायला लागल्या की पुढचं राहिलं तरी चालेल.